सुपेल्याच्या शिलाई गल्लीत सहा दिवस

मी भिलाईला गेले ती एका शब्दावरून भांडण झालं म्हणून.

वाईत माझा शिवणक्लास आहे. तीन वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीच्या नादानं मी कॉम्प्युटरवर कटिंग काढायला शिकले. त्यासाठी एक प्रोग्राम मिळतो. छाती, कंबर, खांदा, बाहीची लांबी अशी मापं भरली की तो पुढचा भाग, पाठ, बाही सगळं रेघांनी काढून देतो. माप बदललं की रेघा आपोआप सरकतात. पहिल्यांदा त्या सरकताना पाहिल्या तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते. प्रोग्राम फुकट आहे, पण मला मोठी वाटली ती दुसरी गोष्ट. तो आतून उघडा आहे. ज्याला कळतं त्यानं तो दुरुस्त करावा, स्वतःच्या कामासाठी बदलावा, दुसऱ्याला द्यावा, कुणी अडवत नाही. आणि ज्याला फक्त भाषा कळते त्यानं त्यातले शब्द आपल्या भाषेत आणावेत. एका संकेतस्थळावर इंग्रजी शब्दांची रांग असते, प्रत्येकासमोर रिकामी चौकट. जगभरातली हौशी माणसं त्या चौकटी भरत असतात. मराठीच्या बहुतेक रिकाम्या होत्या. दीड वर्ष दुपारी क्लास सुटला की शब्दकोश घेऊन मी त्या भरत बसले.

एके दिवशी माझ्या शब्दांखाली कुणीतरी दुसरे शब्द सुचवायला लागलं. नाव एवढंच दिसायचं, ‘टेलर भिलाई’. मी लिहिलं होतं ‘जतन करा’, त्याखाली आलं ‘ठेवा’. मी लिहिलं होतं ‘प्रतिबिंबित करा’, त्याखाली ‘दुसरी बाजू काढा’. केलेलं परत घेण्याच्या बटणाला मी ‘पूर्ववत करा’ म्हटलं होतं, तिथं आलं ‘उसवा’. मला राग आला. सॉफ्टवेअरची भाषा कशी भारदस्त असावी यावर मी भलंमोठं उत्तर लिहिलं. उलट उत्तर एका ओळीचं होतं : ‘ताई, टेलर चूक झाली का उसवते. पूर्ववत कोन करते?’

दोन दिवस मी भांडी घासताना, बसमध्ये, क्लासमध्ये हसत होते. मग फोन झाला, मग फोन रोज व्हायला लागले, आणि जानेवारीत मी तिकीट काढलं. नवरा म्हणाला, “एका शब्दासाठी हजार किलोमीटर?” मी म्हटलं, “शब्द बरेच आहेत.”

मंगळवार : दुर्ग स्टेशन ते सुपेला

भिलाईला जायला दुर्गला उतरले. सकाळची थंडी वाईच्या थंडीसारखीच होती, फक्त इथं हवेत कोळशाचा बारीकसा वास होता. फाटकाबाहेर कटिंगचा खाकी कागद दोन्ही हातांत धरून एक बाई उभ्या होत्या. कागदावर खडूनं लिहिलं होतं ‘उसवा’. साठीच्या, ठेंगण्या, स्वेटरवर शाल, आणि शालीवर विसरून राहिलेली मापाची टेप. या सुलोचना कापगते, म्हणजेच ‘टेलर भिलाई’. शेजारी त्यांचे यजमान यादवराव, भिलाईच्या पोलाद प्लांटमधून निवृत्त झालेले, उंच, कानाला मफलर.

“या जी ताई, थकल्या असान,” सुलोचनाताई म्हणाल्या आणि माझी बॅग घेतलीसुद्धा.

रिक्षात मी दोन्ही बाजूंना बघत होते. हायवेला लागून नेहरू नगरच्या कॉलन्या, कोचिंग क्लासच्या पाट्यांवर पोरांचे फोटो, आणि लांबवर प्लांटच्या चिमण्या, त्यांतून सरळ वर जाणारा पांढरा धूर. यादवराव मागे वळून एकेक सांगत होते. रेल्वेलाइनच्या पलीकडं टाउनशिप, रुंद रस्ते, झाडं, सेक्टरांचे नंबर. लाइनच्या अलीकडं सुपेला, म्हणजे गर्दी, दुकानं, वेल्डिंगच्या ठिणग्या, हॉर्न. “अडतीस वर्षं तिकडं राह्यलो,” ते म्हणाले. “क्वार्टर सोडलं तेव्हा वाटलं, झोप येनार नाही इकडं. आता तिकडं गेलो तं शांततेनं कान दुखते.”

दोघंही भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीकडचे, शेतकरी घरातले. घरात बोलणं मराठी, दारात आलेल्याशी हिंदी, भाजीवालीशी छत्तीसगढी, आणि या तिन्हींच्या मधले उंबरे त्यांना दिसतच नाहीत. तीन वाक्यांत तीन भाषा ओलांडून जातात. आमच्याकडं पाहुण्याशी बोलताना जीभ जरा इस्त्री करून घेतात, इथं ते नाही.

त्यांचं दुकान एका अरुंद गल्लीत आहे. गल्लीत आठ शिलाईची दुकानं, समोरासमोर. सुलोचनाताईंच्या दुकानात तीन मशिनी, एक लांब टेबल, आणि कोपऱ्यातल्या फळीवर झाकण नसलेला एक जुना कॉम्प्युटर, आतला पंखा भिरभिरताना दिसणारा. वर पत्र्याची पाटी : ‘मापघर. विना परवानगी बंद करू नये.’

“हे काय?” मी विचारलं. फोनवर याबद्दल कधी निघालं नव्हतं.

सुलोचनाताईंनी चहा ओतता ओतता सांगितलं. “पहिले आमी मोबाइलच्या एका अ‍ॅपात मापं भरत होतो. चार वर्षं भरली. गल्लीतल्या आठही दुकानांनी. एक दिवस उघडलं तं कोरं. त्या लोकायनं कामच बंद केलं म्हने. इकडं लग्नाचा सीझन. साऱ्या बायकायले पुन्हा बोलावून मापं घ्या लागली.”

“तेव्हा हिनं मले म्हटलं,” यादवराव म्हणाले, “तुमी प्लांटचे एवढे मोठे इलेक्ट्रिकल, आपल्या घरात हे ठेवता येत नाही का?”

मग त्यांनी दोन पावसाळे घालवले. एका ऑफिसनं मोडीत काढलेला कॉम्प्युटर आणला, त्यावर लिनक्स घातलं, इंटरनेटवर बघून, चुकून, परत करून शिकले. आता आठही दुकानांची मापं आणि कटिंगं त्या फळीवर आहेत. गल्लीतलं कुणीही आपल्या फोनवरून आपल्या गिऱ्हाइकाचं माप उघडतं, दुसऱ्याचं उघडत नाही. हे सगळं फुकटच्या, उघड्या सॉफ्टवेअरवर. शेजारी खिळ्याला एक वही टांगलेली, प्लांटमधल्या लॉगबुकसारखी. तारीख, वेळ, काय केलं, सही. दर रविवारी सकाळी ‘शटडाऊन’, म्हणजे सगळ्याची नक्कल काढून ती टाउनशिपमधल्या त्यांच्या भावाच्या कपाटात ठेवायची.

“पण एवढी खटपट कशाला?” मी म्हटलं. “दुसरं एखादं अ‍ॅप घेतलं असतं.”

सुलोचनाताईंनी कप खाली ठेवला. “ताई, बाईचं माप म्हंजे बाईचं अंगच नाही का? ते कोन्या परक्याच्या मशीनवर कावून ठेवाचं?”

मी वीस वर्षं बायकांची मापं घेते आहे. हा विचार माझ्या डोक्याला कधी शिवला नव्हता. मी उठून त्या कॉम्प्युटरला हात लावला. गरम होता, चालू मशीनच्या डोक्यासारखा.

बुधवार : रसमडा

दुसऱ्या दिवशी सुलोचनाताईंना माप घ्यायला रसमड्याला जायचं होतं. मी मागे लागले. रिक्षा दुर्ग ओलांडून पुढं गेली तशी कारखान्यांची रांग सुरू झाली, आणि त्यांच्या मधून मधून कापलेल्या धानाची शेतं. ओलसर जमिनीत बारीक हिरवं काहीतरी उगवलेलं. “लाखोरी,” सुलोचनाताई म्हणाल्या. “धानाच्या मागून येते. इकडचे तिवरा म्हनते.”

ज्यांच्याकडं गेलो ते देवलाल साहू, पन्नाशीचे, तिथल्याच एका कारखान्यात कामाला. सहा वर्षांपूर्वी शिडीवरून घसरून पडले होते. उजव्या खांद्याचं हाड जुळलं, पण खांदा खाली राहिला आणि पाठीच्या त्या बाजूला उंचवटा आला. त्यांच्या मुलीचं, पूनमचं, पुढच्या आठवड्यात लग्न होतं. पूनम रायपूरला नोकरी करते. तिनं वडिलांसाठी कोटाचं कापड आणलं होतं, मोरपंखी, जाडसर, हाताला गार लागणारं. तेवढा एकच तुकडा दुकानात उरला होता, तो तिनं उचलला होता.

देवलालना कोट नको होता. खाटेवर शाल लपेटून बसले होते. “दीदी, रहने दीजिए,” ते सुलोचनाताईंना म्हणाले. “दो बार सिलवाया। एक कंधे से लटकता है, और हाथ छाती के ऊपर नहीं जाता। डॉक्टर बोलता है हाथ ऊपर जाएगा, कपड़ा बोलता है नहीं जाएगा। शाल ठीक है।”

पूनम दारात उभी होती. तिनं कापडाची घडी उलगडून खाटेवर ठेवली.

सुलोचनाताई म्हणाल्या, “भैया, आजवर तुमचं माप एका बाजूचंच घेतलं लोकायनं. म्या दोन्ही बाजूचं घेते.” हे त्या मराठीतच बोलल्या आणि देवलालना ते कळलं.

त्यांचं माप घेणं मी आयुष्यभर विसरणार नाही. आपण टेलर काय करतो, अर्धं अंग मापतो आणि दुसरं अर्धं तसंच आहे असं धरतो. त्यांनी डाव्या खांद्याची सात मापं घेतली, उजव्याची अकरा. हात खाली असताना, हात पुढं असताना, आणि जेवढा वर जातो तेवढा वर असताना. शाल नसताना हात कानापर्यंत येत होता, हे आम्ही तिघींनी पाहिलं. मी आकडे लिहून घेत होते, आणि मला त्या कटिंगचं वेड लागलं होतं.

मग पूनमच्या आईनं जेवायला बसवलं. तिवऱ्याची पालेभाजी, भात, टोमॅटोची झणझणीत चटणी आणि फरा. फरा म्हणजे तांदळाच्या पिठाचे बोटाएवढे रोल, वाफवलेले आणि तिळाची फोडणी दिलेले. आमच्याकडं पाहुण्याला भाकरी किंवा पोळी नाही वाढली तर यजमानीण ओशाळते. इथं पाहुण्याला भात, आणि वर तांदळाचाच फरा. मी फरा इतका खाल्ला की त्यांनी उरलेला डब्यात भरून दिला.

गुरुवार : टेबलावर

हा दिवस सांगायचा म्हणजे जिवावर येतं, पण तो गाळला तर बाकीचं खोटं होईल.

सकाळी आम्ही दोघी स्क्रीनसमोर बसलो. हा प्रोग्राम एक बाजू काढून घेतो आणि दुसरी तिच्यासारखीच पाडतो. सुलोचनाताईंनी ते पाडणं बंद केलं आणि दोन वेगवेगळे पुढचे भाग, दोन वेगवेगळ्या पाठी काढल्या. प्रत्येक रेघ देवलालच्या मापाला बांधलेली. दुपारी दोनपर्यंत पडद्यावर एक वाकडा कोट उभा राहिला, बाही जोडायचा डावा मुंढा वर, उजवा खाली आणि खोल. मी इतका सुंदर वाकडेपणा पाहिला नव्हता.

पाहुणी आली म्हणून यादवरावांनी आदल्या दिवशी एक कौतुक केलं होतं. मापघरावर मी भरलेली मराठी चढवली होती. आजवर सुलोचनाताई इंग्रजी बटणांच्या जागा पाठ करून काम करायच्या. आता सगळा पडदा माझ्या शब्दांनी भरला होता, आणि खोटं का बोलू, माझी छाती फुगली होती.

कटिंग छापायचं असतं ते साध्या कागदांवर, तुकड्या तुकड्यांनी, मग ते चिकटवून मोठा कागद करायचा. छापताना एक खिडकी येते. मी तेव्हा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कापड पसरत होते. सुलोचनाताईंनी छापलं. आम्ही बोलत बोलत कागद चिकटवले. वाईच्या बाजारातले टेलर, माझ्या क्लासमधल्या मुली, काय काय मी सांगत होते. मग मी हट्ट धरला, “मला कापू द्या.” त्यांनी कात्री दिली. मी कापलं. मोरपंखी कापडातून कात्री जाताना जो आवाज आला तो अजून कानात आहे.

कच्चा टाका घालून त्यांनी कोटाच्या छातीला टेप लावली. परत लावली. मग जमिनीवर पडलेले कागद उचलून त्यांच्या कोपऱ्यातला चौकोन शोधला. प्रत्येक छापील कटिंगवर दहा सेंटिमीटरचा एक चौकोन असतो, छपाई बरोबर झाली की नाही ते पाहायला. सुलोचनाताईंनी त्यावर पट्टी ठेवली आणि माझ्याकडं पाहिलं.

नऊ सेंटिमीटर आणि सहा रेघा.

सगळा कोट लहान छापला गेला होता. बेचाळीस इंचाचा घेर चाळीसवर आला होता, उंची इंचभर कमी, बाही इंचभर कमी. आणि कापड तेवढंच होतं.

यादवरावांनी छपाईची खिडकी पुन्हा उघडली. तिथं एक चौकट होती, इंग्रजीत असताना नेहमी रिकामी सोडलेली. आज तिच्यावर बरोबरची खूण होती, आणि तिच्यापुढं माझा शब्द होता : ‘पृष्ठानुरूप प्रमाण’.

“मले वाटलं, प्रमाण म्हंजे बरोबर माप,” सुलोचनाताई हळू म्हणाल्या. “पक्कं माप पाह्यजे म्हनून खून केली.”

त्याचा अर्थ होता, कागदात मावेल असं लहान करा. मी तो शब्द अर्धा तास शोधून बसवला होता. तो बसवल्यावर मी स्वतःला चहा करून दिला होता, हेही मला आठवलं.

“शब्द माझा,” मी म्हटलं. मला रडू आवरेना. “दुसरं कापड मी देते, कुठूनही आणते.”

“हे कापड दुसरं नाही भेटत, ताई.” त्या टेबलापासून उठल्या. तांब्यातलं पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, “शब्द तुमचा, खून माझी, कात्री तुमची. आन चौकोन मोजाची आठवन दोघींची. चला, आज काही नाही कराचं. डोकं गरम असलं का हात चुकते.”

यादवरावांनी खिळ्यावरची वही काढली आणि ठळक अक्षरांत लिहिलं, ‘ब्रेकडाऊन. कारण : एक शब्द.’ खाली सही केली. त्यात मला टोमणा नव्हता. प्लांटमध्ये अडतीस वर्षं असंच लिहीत आले होते ते, कारण लिहायचं, म्हणजे पुढच्या शिफ्टला कळतं.

शुक्रवार, शनिवार : तुकडे आणि शब्द

सकाळी मी उठले तेव्हा सुलोचनाताई जमिनीवर बसून चिंध्या लावत होत्या. कापताना उरलेला प्रत्येक तुकडा त्यांनी मोठ्यापासून लहानापर्यंत मांडला होता. किनारीकडची एक लांब अरुंद पट्टी होती, हातभर लांबीचे दोन तुकडे होते, बाकी तळहाताएवढे.

“तुमच्याकडं जुन्या पैरनीत बगलेत काय राहे?” त्यांनी विचारलं.

आजोबांच्या पैरणीच्या बगलेत चौकोनी तुकडा असायचा, हात वर केला की तो उघडायचा. मी तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली, पेन्सिल उचलली, आणि मला एकदम समजलं त्यांच्या मनात काय आहे ते. उजवी बगल. कापड जिथं नाही म्हणत होतं ती जागा.

पडद्यावर आम्ही तो तुकडा काढला. मशीनला विचारून विचारून, हात कानापर्यंत गेला तर कापड किती लागेल. आदल्या दिवशी हाच पडदा मला नकोसा झाला होता, आता त्याच्यापुढून उठवेना. उजव्या बगलेत मोठा तुकडा, डाव्या बगलेत लहान. दोन्ही कुशींच्या शिवणीत पट्टी, म्हणजे घेर भरतो. खालची दुमड पूर्ण सोडायची आणि आतून अस्तराच्या कापडाची पट्टी लावायची, म्हणजे उंची भरते. बाहीच्या टोकाला तेच. अस्तर आणायला आम्ही बाजारात गेलो. सुपेल्याच्या गर्दीत खांद्याला खांदा लावून चालताना सुलोचनाताई कापडाचा नमुना प्रत्येक दुकानदाराच्या गठ्ठ्यावर ठेवून बघत होत्या. सातव्या दुकानात रंग जुळला, आणि आम्ही तिथंच उभ्या उभ्या गरम जलेबी खाल्ली.

यावेळी छपाईची खिडकी आली तेव्हा आम्ही दोघींनी चौकट रिकामी आहे हे बोट लावून पाहिलं. चौकोन मोजला. दहा. यादवरावांनीही मोजला. दहा.

मशीनवर टाके पडत होते तेव्हा शब्दाचं निघालं.

“काय लिहावं मग?” मी विचारलं.

“लिहा, माप बिघडवून पानात बसवा.”

“प्रोग्राम स्वतःबद्दल असं कसं म्हणेल?”

“कावून नाही म्हननार? बिघडवते तं बिघडवते.”

शेवटी ठरलं ते असं : ‘पानात मावेल असं लहान करा, माप बदलेल’. शेवटचे दोन शब्द त्यांचे. यादवरावांनी ते पाच मिनिटांत मापघरावर घातले. कुणाची परवानगी नाही, कुणाला अर्ज नाही. मग मी तेच संकेतस्थळावरच्या चौकटीतही भरलं, जगातल्या सगळ्या मराठी टेलरांसाठी.  चूक जितकी दूर गेली होती तितक्याच दूर दुरुस्तीही निघाली होती.

शनिवारी दुपारी मी माझे सगळे शब्द छापून काढले आणि गल्लीतल्या मराठी बायकांना वाचून दाखवले. नियम एकच, ऐकल्यावर जिला काय करायचं ते कळलं नाही तिनं हात वर करायचा. ‘आकारमान निर्धारित करा’ला सगळे हात वर. “वजन कराचं का?” एकीनं विचारलं. ‘संरेखित करा’ला एकजण म्हणाली, “हे तं सरकारी दवाखान्याचं वाटते.” संध्याकाळपर्यंत माझे पंचेचाळीस शब्द पडले. ते पडताना मला वाईट वाटायला हवं होतं. मी मात्र पोटातून हसत होते, आणि प्रत्येकासमोर नवा शब्द लिहिताना हाताला वेग येत होता. तिरका, सरळ, जुळवा, सोडा, ओढा. हे शब्द मी क्लासमध्ये रोज वापरते. कॉम्प्युटरसमोर बसले की कुठं ठेवून येत होते कुणास ठाऊक.

रविवार : कोट

रविवारी सकाळी यादवरावांचं शटडाऊन होतं. पंखा थांबल्यावर गल्ली अचानक मोकळी वाटली. ते नक्कल काढून सायकलनं भावाकडं गेले, परत आले, मापघर पुन्हा चालू केलं, वहीत सही केली, आणि तेवढ्यात पूनम वडिलांना स्कूटीवर मागे बसवून घेऊन आली.

देवलाल शाल घेऊनच आले होते. कपडे बदलायच्या पडद्याआड जाऊन त्यांनी कोट घातला. बराच वेळ ते बाहेर येईनात. सुलोचनाताई टेबलाची कड घट्ट धरून उभ्या होत्या. मी त्यांच्या हाताकडं बघत होते, कारण पडद्याकडं बघवत नव्हतं.

ते बाहेर आले. मोरपंखी रंग त्यांना शोभत होता, ते नंतर दिसलं. आधी दिसले खांदे. उजवा खांदा खालीच होता, तो कुणी वर उचलू शकत नाही. पण कोट त्याला लागून बसला होता, डावा जसा लागून बसला होता तसाच. कुठं झोळ नाही, कुठं लटकणं नाही. पाठीचा उंचवटा कापडाखाली नुसता पाठीचा भाग झाला होता. कुशींतल्या पट्ट्या मुद्दाम घातल्यासारख्या दिसत होत्या.

“हाथ उठाइए,” सुलोचनाताई म्हणाल्या.

त्यांनी हात छातीपर्यंत नेला आणि सवयीनं थांबवला. मग कापडाची वाट बघितल्यासारखे क्षणभर उभे राहिले, आणि हात वर गेला. खांदा, हनुवटी, कान. बगलेतला तुकडा घडी उलगडावी तसा उघडला. त्यांनी हात खाली घेतला आणि पुन्हा वर नेला. तिसऱ्यांदा नेला.

पूनम भिंतीकडं तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते.

“अब्बड़ सुग्घर,” देवलाल आरशाला म्हणाले. फार सुंदर.

सुलोचनाताईंनी मग त्यांना समोर बसवलं आणि जे विचारलं ते मला अपेक्षित नव्हतं. हे कटिंग, दोन बाजू वेगळ्या काढायची ही रीत, बगलेतला तुकडा, हे सगळं इंटरनेटवर ठेवलं तर कुठलाही टेलर आपल्या गिऱ्हाइकाचं माप भरून वापरू शकेल. असा खांदा असलेले काही एकटे देवलाल नाहीत. पण त्यात त्यांच्या अंगाचे आकडे आहेत. ते आकडे वगळून ठेवायचं का, तसंच ठेवायचं, की काहीच ठेवायचं नाही?

देवलालनी कोटाच्या बाहीवरून हात फिरवला. 

“कटिंग सबको दे दीजिए,” ते म्हणाले. “मेरा कंधा यहीं रहने दीजिए।”

यादवराव उठून मापघरापाशी गेले आणि दोन्ही गोष्टी वेगळ्या करायला बसले. कटिंग एकीकडं, आकडे एकीकडं. त्या पडद्यावर मी आता नवे शब्द बघत होते, त्यांतला एकही मला समजावून सांगावा लागत नव्हता. दुपारपर्यंत कटिंग बाहेर गेलं होतं. मी वाईला परतल्यावर आठवड्यानं लातूरच्या एका टेलरनं तिथं लिहिलं, माझ्या भावासाठी घेतलं आहे, उजव्याऐवजी डावा खांदा करून. पण ते नंतरचं.

निघताना पूनमनं शाल पुढं केली. “बाबू, कोट उतारो। अभी हफ्ता है शादी को। रास्ते में धूल लगेगी।”

“लगने दे,” देवलाल म्हणाले. त्यांनी गळ्यापर्यंत बटणं लावली, शाल घडी करून स्कूटीच्या डिकीत टाकली आणि मागे बसले.

आम्ही तिघं गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. स्कूटी रस्त्याला लागली, ट्रक, रिक्षा, हातगाड्या यांच्यामधून वाट काढायला लागली. चौकात पोचल्यावर देवलालनी मागे वळून आम्हाला हात केला. उजवा हात, सरळ वर, डोक्याच्याही वर. एक बस मध्ये आली. बस गेली तेव्हाही हात तसाच वर होता.